अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल जहाज धडकून पडला त्यात जहाजावरच्या भारतीय लोकांची चूक होती का? आणि एवढा मोठा पूल एका धडकेत कसा काय पडतो?

नाही. जे मुळात बिघडलं ते त्या पोरांनी बिघडवलेलं नव्हतं. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की क्रूमध्ये वीस भारतीय होते म्हणून देशाचं नाव खराब झालं, ते वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

मी जहाजावरचा माणूस नव्हे. कर्नाटकातला चिकोडी तालुका, साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला अख्खी नोकरी गेली. समुद्र बघितला तो गणपतीपुळ्याला. पण ते डाली जहाज २६ मार्च २०२४ च्या रात्री दीडच्या सुमाराला पुलावर गेलं ते लाईट गेल्यामुळं, आणि लाईट कशानं गेली ते वाचलं तेव्हा मला घाम फुटला. तिथल्या एनटीएसबीनं, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेनं, नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की एक सिग्नलची वायर टर्मिनलमध्ये नीट बसलेलीच नव्हती. वायरीवर नंबरची पट्टी असते बघा, फेरूल म्हणतो आम्ही, ती टोकाच्या इतकी जवळ होती की वायर आत पूर्ण जाईना. वायर ढिली झाली, ब्रेकर पडला, इंजिन बंद, सुकाणू बंद, आणि ३०० मीटरचं धूड सरळ खांबावर.

आता आमचं ऐका. एका हंगामात आमच्याकडं रात्रपाळीला केन कॅरिअर, म्हणजे मिलकडं ऊस नेणारा पट्टा, सारखं ट्रिप व्हायचं, आपोआप बंद पडायचं. गव्हाणीत ऊस तटायचा, बाहेर ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत, गाडीवान आमच्या आयाबहिणी काढायचे. पॅनेलवर निपाणीकडचं एक पोरगं होतं, गरीब, कामाला चोख. साहेबांनी ठरवून टाकलं की हे झोपतंय, लोड बघत नाही. मेमो निघाला कन्नडमध्ये, पोराची शाळा मराठी, त्याला वाटलं मिळाल्याची सही मागतायत, केली सही, आणि झाली चूक कबूल. आणि हे साहेब म्हणजे कोण, तर माझेच साडू, शिफ्ट इंजिनिअर.

मी दोन दिवस थांबलो, मग मिल क्लीनिंगला बंद असताना पॅनेल उघडलं. आत बगॅसची, उसाच्या चोथ्याची पूड बसलेली. मीटर लावला तर सगळं ओके, कारण मिल बंद असली की हादरे नाहीत, कॉन्टॅक्ट बरोबर मिळतोय. म्हणून एकेक वायर दोन बोटांत धरून ओढत गेलो. कंट्रोलची एक हातातच आली. पिवळं फेरूल स्क्रूखाली गेलेलं, स्क्रू प्लॅस्टिकला चावतोय, तांबं नुसतं टेकलेलं आणि टोक काळं पडलेलं. टोक कापलं, नवीन सोललं, फेरूल मागं सरकवून स्क्रू आवळला. त्या हंगामात ते कॅरिअर परत तसं ट्रिप झालं नाही. साडू म्हणाले योगायोग. काळं टोक त्यांच्या टेबलावर ठेवलं तर म्हणाले ऑपरेटरनं लक्ष दिलं असतं तर हे आधीच कळलं असतं! कसं कळणार? त्याच्याकडं पॅनेलची चावी पण नसायची. पोरगं पुढं कागलला एमआयडीसीत गेलं, तिथं बरं चाललंय त्याचं, पण मेमो इथं फाइलीत तसाच.

आता पूल. १९७७ चा पूल, ट्रसचा म्हणजे लोखंडी सांगाड्याचा, एक मुख्य खांब गेला की वरचं सगळं खाली येणार असंच डिझाइन. १९८० मध्ये ह्याच पुलाला ब्लू नागोया नावाचं जहाज धडकलं होतं, ते पण लाईट जाऊनच, पण ते लहान, पूल टिकला. त्याच वर्षी फ्लोरिडात सनशाइन स्कायवे पुलाला जहाज धडकून ३५ माणसं गेली, तेव्हापासून नवीन पुलाच्या खांबाभोवती संरक्षण करायचं सगळ्यांना माहीत झालं. पण जुन्या पुलाला आता केवढं जहाज झेपेल हा हिशोबच पूल सांभाळणाऱ्या मेरीलँड राज्यवाल्यांनी केला नव्हता, हे पण रिपोर्टमध्येच आहे. त्यांना कुणी मेमो दिला का?

आणि गेलं कोण? पुलावर रात्री खड्डे भरणारे सहा मजूर, मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोरमधून पोटासाठी आलेले. जहाजावरून मेडे, म्हणजे संकटाची हाक, गेला, पोलिसांनी पटकन दोन्हीकडची वाहनं अडवली, त्यामुळं कितीतरी लोक वाचले हे खरंच. पण पुलावरच्या मजुरांना कुणी वेळेत कळवलंच नाही. आमच्याकडं वेदगंगा-दूधगंगेला पाणी चढलं की जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ हे पूल बंद, दोन्ही टोकांना बॅरिकेड, तेवढं काम चोख. नदीकाठच्या मळ्यात मोटार काढायला गेलेल्या माणसाला निरोप कोण देणार?

एक राहिलं. क्रू म्हणजे अगदी धुतल्या तांदळासारखा असं पण नाही. आदल्या दिवशी बंदरातच दोनदा लाईट गेली होती, त्यातली एक त्यांच्यातल्याच माणसानं चुकून इंजिनाच्या धुराच्या वाटेची झडप, एक्झॉस्टचा डँपर, बंद केल्यामुळं. आणि जनरेटरला डिझेल द्यायला जो पंप चालवत होते तो लाईट गेल्यावर आपोआप परत सुरू होणारा नव्हता, म्हणून आलेली लाईट परत गेली. पण असला पंप रोजच्या कामाला चालतोय हे बघायचं काम कंपनीचं.

तुम्ही ह्या लाईनमध्ये असाल तर मीटरवर विसंबू नका, वायर ओढून बघा. आणि साडू हे वाचणारच, माझं सगळं वाचतात, वर बायकोकडून निरोप पाठवतात. साडू, पूल पडला तेव्हा तुम्ही लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाला होता ना, "बघा, आपलीच माणसं झोपली असणार"? रिपोर्ट आलाय आता. तो मेमो ज्यानं लिहिला त्यानंच रद्द करायचं पत्र द्यावं, कन्नडमध्ये दिलं तरी चालेल, पोराला मी वाचून दाखवतो.