वडिलांना एमजीयूएस निघालंय, त्यांना अजून सांगितलं नाही. आहारात काय बदल करावा?

आहाराचं नंतर, आधी ते ‘अजून सांगितलं नाही’ वाचून डोकं फिरलं माझं.

आमच्या आईलाही हेच एमजीयूएस निघालं, म्हणजे रक्तात एकाच जातीचं जादा प्रोटीन, त्यालाच एम प्रोटीन म्हणतात. लालबागला असते. थकवा थकवा करत होती म्हणून रक्त तपासलं तर टोटल प्रोटीन जास्त, मग डॉक्टरांनी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रोटीन वेगवेगळी करून दाखवणारी टेस्ट, सांगितलं आणि त्या ग्राफवर जिथे पसरट उंचवटा हवा तिथे बारीक सुळका. एम प्रोटीन ०.८ ग्रॅम/डेसिलिटर. दादाने गूगल केलं, मायलोमा (अस्थिमज्जेतला कॅन्सर) वाचलं आणि फर्मान काढलं, आईला काही बोलायचं नाही, म्हातारीला कशाला टेन्शन. बरं, घर केवढं? चाळीतली खोली, मध्ये एक पडदा, तिथे कुजबुज लपते होय? आईने त्यातला कॅन्सर एवढाच शब्द उचलला आणि गपचूप पोस्टाची पासबुकं काढून नॉमिनी तपासत बसली, मावशीला फोन करून बांगड्या कोणाला द्यायच्या तेही सांगून ठेवलं!

शेवटी मीच रिपोर्ट पुढ्यात ठेवून सांगितलं, हा कॅन्सर नाही, पन्नाशीपुढच्या शंभरातल्या तिघांना तरी असतं, बहुतेकांना पत्ताही नसतो, आणि पुढे मायलोमा वगैरे होतो तो वर्षाला शंभरात एखाद्याला. तर म्हणाली, “एवढंच होतं तर तोंडं शिवून का बसलात?” आता दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर एम प्रोटीनचा आकडा तीच लिहिते. दादा अजून म्हणतो मी आगाऊपणा केला. म्हणू दे. उद्या हाड दुखायला लागलं तर आधी तिलाच कळणार ना, दादाला थोडंच कळणार आहे.

आहारात खास काही नाही. प्रोटीन वाढलंय म्हणून डाळ, अंडी, मासे बंद करू नका, हे प्रोटीन अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा सेल नावाच्या पेशी बनवतात, ताटातून येत नाही. वहिनीने गव्हांकुराचा रस आणलेला, आईने तो तुळशीला घातला. औषधही नाही, सहा महिन्यांनी टेस्ट, सगळं स्थिर असेल तर मग साधारण वर्षातून एकदा, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), कॅल्शियम आणि तो ग्राफ.

हां, वर्षाला एक टक्का ही सरासरी झाली. एम प्रोटीन दीडच्या वर, त्या प्रोटीनचा टाइप आयजीजी सोडून दुसरा किंवा फ्री लाइट चेन रेशो (रक्ताच्याच एका टेस्टमधला आकडा) बिघडलेला असेल तर धोका जास्त, ते हिमॅटोलॉजिस्टलाच, म्हणजे रक्तविकारांच्या डॉक्टरांनाच दाखवा. पाठ सतत दुखणं, लघवीला फेस, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि तुमच्याकडेही कोणी दादा आडवा येत असेल तर त्याला विचारा, दरवेळी लॅबमध्ये नेताना वडिलांना काय सांगणार, शुगर?