वाचक विचारतात : तीन मिनिटांची गाडी आणि आपली लोकल

प्रश्न : मुलीकडे गेले होते इंग्लंडला, बर्मिंगहॅमजवळ स्टाउरब्रिज म्हणून गाव आहे तिथे. जंक्शनवर उतरलं की गावात जायला एकच छोटा डबा येतो, आपल्या पीएमपी बसएवढा, आणि बसतो न बसतो तोच उतरायची वेळ. जावई म्हणाले की ही गाडी खाजगी कंपनी चालवते. इकडे आकुर्डीला दुपारी लोकलची वाट बघत बसलं की तो डबाच आठवतो बघा. आपली लोणावळा लोकल पण खाजगीवाल्यांना दिली तर अशी दर दहा मिनिटांनी येईल का?
— एक वाचक, आकुर्डी

उत्तर : ताई, तुम्ही नशीबवान, ती गाडी बघायला लोक मुद्दाम जातात. अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर, म्हणजे शनिवारवाड्यावरून मंडईत चालत जाल त्याहून फार नाही, आणि लाइन मात्र 1879 सालची. आधी तिथे नेहमीचा डिझेलचा डबा धावायचा, 2009 पासून तुम्ही बसलात तो आला. त्याची खरी गंमत खाली आहे, त्यात साधारण अर्ध्या टनाचं एक लोखंडी चाक गरगर फिरत असतं, फ्लायव्हील म्हणतात त्याला. जुन्या पिठाच्या गिरणीत इंजिनाला मोठं जड चाक असायचं आणि इंजिन बंद केलं तरी ते कितीतरी वेळ फिरत राहायचं, आठवतंय? तेच तत्त्व. गाडी निघताना जो जोर लागतो तो चाकातून येतो आणि ब्रेक लागला की गाडीचा वेग परत चाकात जमा होतो, त्यामुळे इंजिन छोटंसं, एलपीजीवर चालणारं असलं तरी भागतं.

आता खाजगीचं. जावयांचं बरोबर आहे पण अर्धंच. गाडी चालवणारी प्री मेट्रो ऑपरेशन्स ही छोटी कंपनी, पण ती चालवते त्या भागातल्या गाड्या सांभाळणाऱ्या वेस्ट मिडलंड्स ट्रेन्ससाठी, आणि रूळ आहेत नेटवर्क रेलचे, म्हणजे सरकारचेच. आपल्याकडे विदर्भात याच्या बरोब्बर उलटं होतं! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला ऐकली असेल, तिथे रूळ किलिक निक्सन कंपनीचे आणि त्यावर गाडी चालवायची भारतीय रेल्वे, वर कंपनीला पैसे द्यायचे, स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं. दोन्हीकडे लोक म्हणणार खाजगी लाइन, पण शकुंतलेचे रूळ जुने होत गेले, गाडी बैलगाडीच्या वेगाने जायला लागली आणि शेवटी बंद पडली. त्यामुळे कोणी खाजगी म्हटलं की मी आधी विचारतो, नेमकं काय खाजगी? रूळ, डबे का ड्रायव्हर?

स्टाउरब्रिजला दर दहा मिनिटांनी गाडी येते ती कंपनी हुशार आहे म्हणून नाही हो (असेलही, माझं काही भांडण नाही). त्या रुळावर दुसरी कुठलीच गाडी येत नाही म्हणून. एक डबा, दोन स्टेशनं, जा आणि ये. मध्ये ना मालगाडी, ना एक्स्प्रेस, कोणासाठी थांबायचं नाही की कोणाला वाट द्यायची नाही. आणि असला हलका डबा तिथे चालतो तोही त्यामुळेच, मोठ्या गाड्यांच्या रुळावर त्याला कोण सोडणार?

आपली लोणावळा लोकल 1978 पासून धावतेय ती मुंबई-पुण्याच्या त्याच दोन रुळांवरून, जिथून डेक्कन क्वीन जाते, सोलापूर, कोल्हापूर आणि दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जातात आणि मालगाड्याही. शिवाय रुळांच्या देखभालीला वेळ काढायचा तो दुपारी, म्हणजे नेमका तुमच्या वेळेला. लोकल उद्या कोणालाही चालवायला दिली तरी त्याला सिग्नल मिळायला हवा ना. म्हणून तर लोक तिसरी-चौथी लाइन इतकी वर्षं मागतायत. ती झाली, लोकलला स्वतःचे रूळ मिळाले, तर सरकारी लोकलसुद्धा पटापट येईल.

तुलना करायचीच तर हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोशी करा. साधारण 23 किलोमीटर, 23 स्टेशनं, टाटा आणि सीमेन्स मिळून करतायत, करार 35 वर्षांचा, आणि मुख्य म्हणजे खांबांवरचा रस्ता फक्त तिचा. आकुर्डीहून तिचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, ते मात्र मान्य आहे.