नेक्स्टक्लाउड २७ वरून ३१ आणि पोस्टग्रेस १३ वरून १६: डेटा शाबूत आहे, व्हॉल्यूम उडवू नका

तुमचा डेटा कुठेही गेलेला नाही, हे आधी सांगतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: घरच्या जुन्या डेस्कटॉपवर डॉकर कंपोजमध्ये (प्रत्येक प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात, सगळ्यांची मांडणी एका कंपोज फाईलमध्ये) नेक्स्टक्लाउड २७, म्हणजे घरचा स्वतःचा क्लाउड, आणि त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस १३ चालत होतं, सगळ्या घराचे फोटो आणि कॅलेंडर त्यावर, आणि तुम्ही कंपोज फाईलमधले आवृत्तीचे दोन्ही आकडे एकदम बदलून पुल मारलं, म्हणजे नव्या इमेज (प्रोग्रामचे तयार गठ्ठे) उतरवल्या. आता डेटाबेसचा कंटेनर सारखा उठतोय आणि पडतोय, आणि कुणीतरी सांगितलंय की व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा जिथे साठतो ती जागा) डिलीट करून नव्याने टाका. ते अजिबात करू नका. आणि 'कंपोज डाऊन' देताना शेवटी 'मायनस व्ही' चुकूनही लावू नका, नेमड व्हॉल्यूम पुसले जातात आणि विचारतसुद्धा नाही.

डेटाबेसच्या कंटेनरचा लॉग बघा, त्यात 'डेटाबेस फाईल्स आर इनकंपॅटिबल विथ सर्व्हर' अशी ओळ असेल आणि खाली लिहिलेलं असेल की ही डिरेक्टरी १३ ने बनवलेली आहे. पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरमध्ये पीजी_व्हर्जन नावाची एक चिमुकली फाईल असते, तिच्यात फक्त '१३' लिहिलेलं असतं, १६ उठलं की आधी ती वाचतं आणि आकडा जुळला नाही की तिथूनच परत फिरतं, आतल्या टेबलांना हात लावत नाही. दर मेजर आवृत्तीत डिस्कवरची मांडणी बदलू शकते म्हणून हा पहारा ठेवलाय. १३.४ वरून १३.१८ असं जायचं तर फक्त इमेज बदलून चालतं, १३ वरून १६ ला नाही चालत.

म्हणून सगळ्यात आधी सगळं बंद करा, दोन्ही टॅग (इमेजच्या आवृत्तीचे आकडे) परत जुने करा, १३ आणि २७, आणि चालू करा. होतं तसं उठेल. नेक्स्टक्लाउडच्या बाजूनेही तसाच पहारा आहे, त्याच्या इमेजची स्टार्ट स्क्रिप्ट व्हॉल्यूममधल्या व्हर्जनशी स्वतःचं व्हर्जन ताडून बघते आणि एकापेक्षा जास्त मेजर पायऱ्यांची उडी दिसली की सुरूच होत नाही, त्यामुळे २७ चं ३१ अर्धवट झालेलं असण्याची भीती नाही.

आता क्रम. लोक म्हणतात आधी डेटाबेस करा, तुमच्या केसमध्ये मी उलटं सांगेन. नेक्स्टक्लाउडच्या प्रत्येक आवृत्तीची चालणाऱ्या डेटाबेसची यादी असते, २७ च्या यादीत १६ नाही, पण १३ मात्र २७ पासून ३१ पर्यंत सगळीकडे चालतं. म्हणजे डेटाबेस जागेवर ठेवून नेक्स्टक्लाउड वर न्यायचं आणि ते स्थिर झालं की मग डेटाबेस. दोन्ही एका दिवशी करू नका, काही बिघडलं तर कुणामुळे बिघडलं हेच कळत नाही.

बॅकअपशिवाय पुढची ओळ वाचू नका. बॅकअप म्हणजे तीन गोष्टी: डेटा फोल्डर, कॉन्फिग डॉट पीएचपी आणि डेटाबेसचा डंप (आतल्या सगळ्याची एका फाईलमध्ये काढलेली नक्कल). कॉन्फिगला लोक हलक्यात घेतात, पण इन्स्टन्स आयडी, पासवर्ड सॉल्ट आणि सीक्रेट तिथेच असतं, ते हरवलं तर बाकी सगळं असून उपयोग नाही. आणि हे तिन्ही मेंटेनन्स मोड (तेवढ्या वेळापुरतं नेक्स्टक्लाउड वापरासाठी बंद) चालू करून एकाच वेळचे घ्या, नाहीतर डेटाबेस म्हणतो फाईल आहे आणि फोल्डरमध्ये ती नसते.

नेक्स्टक्लाउडच्या पायऱ्या सोप्या आहेत, फक्त घाई नको. आधी २७ चीच शेवटची छोटी आवृत्ती, मग २८, २९, ३०, ३१. प्रत्येक वेळी टॅग बदलायचा, अप करायचं आणि लॉग उघडून बसायचं, 'अपग्रेडिंग' आलं की चहा घ्या पण कंटेनर रिस्टार्ट करू नका, मायग्रेशन अर्ध्यात तोडलं तर तेच निस्तरावं लागतं. तुमच्याकडे क्रॉनसाठी (ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कामांसाठी) वेगळा कंटेनर असेल तर तो आधी थांबवा आणि त्याचाही टॅग बदला, हे हमखास विसरलं जातं आणि मग जुना कोड नव्या टेबलांवर जॉब चालवायला बघतो. झाल्यावर ओसीसी (नेक्स्टक्लाउडची कमांड) ने स्टेटस बघा, मग 'डीबी अ‍ॅड मिसिंग इंडायसेस' चालवा. हे अपग्रेडमध्ये आपोआप होत नाही, मोठ्या टेबलावर इंडेक्स बनवायला वेळ लागतो म्हणून मुद्दाम बाहेर ठेवलंय, आणि लोक वर्षानुवर्षं ते चालवतच नाहीत आणि मग सर्व्हर स्लो झाला म्हणून रॅम विकत आणतात. बाहेरची जी अ‍ॅप्स नव्या आवृत्तीशी जुळत नाहीत ती बंद केली जातात, यादी आधी लिहून ठेवा. डॉकर नसतं तर पीएचपीचंही बघावं लागलं असतं, २७ पीएचपी ८.० वर चालतं, ३१ ला किमान ८.१ लागतं, तुमच्या इमेजमध्ये ते आयतं येतं.

खरी मेख डेटाबेसमध्ये आहे. घाबरू नका, नेक्स्टक्लाउडचा डेटाबेस छोटाच असतो, फोटो त्यात नसतातच, फाईलींची यादी, शेअर, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट एवढंच. म्हणून शेकडो जीबीवाल्यांसाठी असलेल्या पीजी-अपग्रेडच्या नादी लागू नका, त्याला दोन्ही आवृत्त्यांचे प्रोग्राम एकाच ठिकाणी लागतात आणि अधिकृत इमेजमध्ये एकच असतो. सरळ डंप काढा आणि नव्यात ओता.

डंप मात्र पीजी-डंपऑलने काढा, नुसत्या पीजी-डंपने नाही. कारण सांगतो. कॉन्फिग डॉट पीएचपी उघडून डीबी-युजर बघा, तुम्ही कंपोजमध्ये दिलेलं नाव तिथे नसून 'ओसी_अ‍ॅडमिन' असण्याची दाट शक्यता आहे, इन्स्टॉलरला परवानगी मिळाली की तो स्वतःचा वेगळा युजर बनवतो. नुसत्या पीजी-डंपमध्ये युजर येत नाहीत, मग रिस्टोअर करताना 'रोल डझ नॉट एक्झिस्ट' चा पाऊस. कंपोज एक्झेकला 'मायनस कॅपिटल टी' लावा, नाहीतर टर्मिनलची नको ती अक्षरं डंपमध्ये घुसू शकतात. आणि फाईलचा शेवट बघा, 'क्लस्टर डंप कम्प्लीट' ही ओळ नसेल तर डंप अर्धा आहे, डिस्क भरली असेल बहुतेक.

मग अ‍ॅप आणि क्रॉन बंद ठेवून १६ ला नवा, रिकामा व्हॉल्यूम द्या, वेगळ्या नावाने. जुना तसाच राहू द्या, परतीची वाट तीच. नवा उठला की डंप ओता आणि आउटपुट एका फाईलमध्ये घ्या. 'ऑलरेडी एक्झिस्ट्स' अशा एकदोन एरर येतील, कंपोजने तोच युजर आणि तोच डेटाबेस आधी बनवलेला असतो, त्या सोडून द्या, बाकी प्रत्येक एरर वाचा.

आता इथे तुम्ही हमखास अडकणार म्हणून आधीच सांगतो. सगळं रिस्टोअर होईल, टेबलं दिसतील, आणि नेक्स्टक्लाउड म्हणेल 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड', आणि पासवर्ड तर तोच आहे. १३ मध्ये पासवर्ड डीफॉल्टने एमडी५ हॅशमध्ये (पासवर्डच्या उलट न फिरवता येणाऱ्या रूपात) साठवला जायचा, १४ पासून डीफॉल्ट स्क्रॅम ही नवी पद्धत झाली, आणि नव्या इमेजची एचबीए फाईलही (कुणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणारी) बाहेरून येणाऱ्याकडे स्क्रॅमच मागते. डंपमधून जुना एमडी५ हॅश जसाच्या तसा आला, त्यावरून स्क्रॅमची पडताळणी होऊच शकत नाही. कंटेनरच्या आत पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड लाइनमध्ये, शिरा (तिथे लोकल कनेक्शनला पासवर्ड विचारत नाही), 'ऑल्टर रोल' ने ओसी_अ‍ॅडमिनला तोच जुना पासवर्ड परत द्या, हॅश नव्या पद्धतीने बनतो आणि काम होतं. बरेच जण इथे एचबीएमध्ये 'ट्रस्ट' लिहून मोकळे होतात, म्हणजे दाराला कडीच नको. तसं करू नका.

शेवटी व्हॅक्यूमडीबीने सगळ्या डेटाबेसवर अ‍ॅनलाइझ चालवा, रिस्टोअरमध्ये टेबलांची आकडेवारी (जिच्यावरून डेटाबेस क्वेरीचा रस्ता ठरवतो) येत नाही आणि पहिले काही तास क्वेऱ्या रडतखडत चालतात.

अल्पाइन (छोट्या लिनक्सवर बनवलेल्या) इमेजकडे जायचा मोह असेल तर तो याच वेळी, डंपमधूनच. चालू फोल्डरवर साध्या इमेजऐवजी अल्पाइन लावली तर डेटाबेस उठतो आणि सगळं ठीक वाटतं, पण अक्षरांची क्रमवारी ठरवणारी लायब्ररी वेगळी असते, टेक्स्टवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने असतात, आणि असलेली ओळ सापडत नाही असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात. डंपमध्ये इंडेक्स नव्याने बनतात म्हणून प्रश्न मिटतो.

पोस्टग्रेस १८ ला सध्या हात लावू नका, त्या इमेजमध्ये डेटा ठेवायची जागाच बदलली आहे, जुनी व्हॉल्यूमची ओळ जशीच्या तशी ठेवली तर वेगळाच गोंधळ. पण १३ वर राहणंही आता बरं नाही, त्याचा पाच वर्षांचा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला.

आणि कधी जुन्या बॅकअपवर परतावं लागलंच तर फोन आणि लॅपटॉप सिंक व्हायच्या आत ओसीसीने 'मेंटेनन्स डेटा फिंगरप्रिंट' चालवा. नाहीतर क्लायंटना वाटतं की नव्या फाईल सर्व्हरवर मुद्दाम काढल्या आहेत आणि ते त्या लॅपटॉपवरूनही काढून टाकू शकतात.

कुठे अडलात तर डेटाबेस आणि अ‍ॅप दोन्हींच्या लॉगच्या शेवटच्या ओळी टाका. कॉन्फिग टाकायची झाली तर पासवर्ड, सॉल्ट आणि सीक्रेट आधी खोडा.