जाळंवाला सोड, घेणारा सांग

बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हतनूर धरणाच्या फुगवट्यात जाळं सापडलं, त्यात दोन तलवार बदकं, एक लालसरी. जाळंवाला निघाला शेजारच्याच गावचा, घरात लहान लेकरं. तू पाखरं सोडवलीस, त्यालाही जाऊ दिलंस, आणि आता झोप लागत नाही. तक्रार करू की नको?

पाखरं सोडवलीस म्हणून शाबासकी मागू नकोस, ते कुणीही करायला हवं. मला एवढंच सांग, तो ती विकणार कुणाला होता? तीन पानं लिहिलीस, त्यात घेणाऱ्याचं नाव नाही!

स्वतःच्या ताटापुरतं धरणारा दोन-चार धरून घरी जातो. कुणी जोडीमागे भाव बांधून दिला की तोच माणूस रात्रभर पाण्यात उभा राहतो. तेव्हा आधी घेणारा शोध.

अमेरिकेत प्रवासी कबुतरं अब्जांनी होती. रेल्वे आणि तारयंत्र आलं, थवा कुठे उतरलाय हे शहरातल्या बाजाराला कळू लागलं, आणि पिंपंच्या पिंपं भरून गेली. शेवटचं कबुतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. १९१८ च्या कायद्याने तिथे स्थलांतरी पक्ष्यांची विक्री बंद झाली. बदकांची शिकार तिथे आजही चालते, परवाना काढून, मोजून. पण मारलेलं रानबदक विकायचं नाही. म्हणजे बंदूक राहिली, बाजार गेला. संपत आलेलं वूड डक नावाचं तिथलं रानबदक त्यानंतर सावरलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाच मनाई आहे, जाळं लावणंही शिकारच, तरी आपण जाळंवाल्याच्या मागे धावतो आणि घेणाऱ्याला रामराम घालतो.

नागालँडच्या दोयांग धरणाजवळ २०१२ मध्ये अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात धरून विकले जात होते. पुढच्याच हंगामात गावांनी ते थांबवलं. माणसं तीच होती रे.

आता कडू भाग. घेणारे परके नाहीत. हळदीच्या रात्री शेतात पार्टी करणारे, साहेबाला खूश करायला पिशवी पोचवणारे, ढाब्यावर हळूच 'स्पेशल आहे का' विचारणारे, सगळे आपल्याच पंगतीतले. विचारलं की म्हणतात, 'फार्मचं आहे भो!' जपानी लाव पाळतात, मान्य. तलवार बदकाचा फार्म दाखव म्हणावं.

अशाच एका पार्टीत मी ताटावरून उठलो आणि सगळ्यांदेखत विचारलं, कुठून आणलं? जुना मित्र होता. तेव्हापासून तो बोलत नाही. गावात मला खवचट म्हणतात, घरचेही म्हणतात, जरा दमानं घ्यायचं होतं. मित्र गेल्याची खंत आहे, खोटं कशाला बोलू. पण दमानं घेणाऱ्यांनी इतकी वर्षं काय केलं? बदकं खाल्ली! मी बरोबरच केलं. तू मात्र एवढा आवाज चढवू नकोस, तुला अजून लग्नकार्यांना जायचंय.

त्या जाळंवाल्याशी बोल. त्याचं नाव छापायचं नाही, व्हिडिओ टाकायचा नाही. गरिबाला चौकात उभं करून लाईक मिळवणाऱ्यांचा मला संताप येतो. पुन्हा जाळं लावलं तर तक्रार करीन, हे मात्र त्याला तोंडावर सांग. पिशवी कुठे जाते, कोणत्या दिवशी, कोण पैसे देतो, तेवढं विचार. सांगेल तो, त्याच्या हातात फार काही पडत नाही. पैसे देऊन पाखरू 'पुरावा' म्हणून घेऊ नकोस. तूही गिऱ्हाईकच होशील.

मग वन खात्याला १९२६ वर फोन, आणि लेखी अर्ज वेगळा. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. हालचाल झाली नाही तर कायद्यात सोय आहे: रीतसर ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. त्याचा मसुदा मी करतो, ते माझ्यावर सोड. तू तारीख, वेळ, जागा लिहून पाठव. आणि ढाब्याचं नाव. ते नसेल तर पुन्हा तीन पानं लिहू नकोस.

तुझा,
काका