डॉसमधले बिल, घरचा प्रिंटर

वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात आमचा सुताचा व्यापार आहे. बिले, चलने आणि खातेवही फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये बनवून घेतलेल्या डॉस प्रोग्रॅमवर चालते. जुना संगणक आणि डॉट मॅट्रिक्स, दोन्ही थकले. आता विंडोज ११ चा लॅपटॉप आणि घरगुती इंक टँक प्रिंटर घेतला आहे. वर्डमधून प्रिंट छान येते, पण आमचा प्रोग्रॅम उघडतच नाही. गिऱ्हाइकांची जुनी येणी त्यातच असल्याने तो सोडता येत नाही. काही मार्ग?
– एक सूतव्यापारी

उत्तर : मार्ग आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मात्र तुमच्या दोन अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

पहिली विंडोजची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळते आणि ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत. 'कम्पॅटिबिलिटी'च्या खुणा कितीही बदलल्या तरी उपयोग नाही.

दुसरी प्रिंटरची. डॉस प्रोग्रॅम एलपीटी१ या पोर्टवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रिंटर जोडणीवर, थेट अक्षरे पाठवतो आणि त्यांच्यासोबत एप्सन डॉट मॅट्रिक्सला समजणारे कोडही पाठवतो : १५ म्हणजे बारीक टाइप, १८ म्हणजे पूर्ववत, १२ म्हणजे पान बाहेर काढ, २७ ने सुरू होणारे कोड ठळक टाइप वगैरेंसाठी. घरगुती इंक टँक प्रिंटरला यातले सहसा काहीच कळत नाही. विंडोजचा ड्रायव्हर अख्ख्या पानाचे चित्र तयार करतो आणि प्रिंटर ते उमटवतो. त्यामुळे कोड त्याच्यापर्यंत पोहोचवले तरी कागद कोराच राहील किंवा त्यावर कचरा येईल. दोघांच्या मध्ये दुभाषी हवा.

डॉसबॉक्स-एक्स हा मोफत प्रोग्रॅम दोन्ही कामे करतो. नाव नीट पाहून घ्या. साध्या डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही, '-एक्स' असलेल्यात आहे.

सुरुवातीला जुन्या संगणकावरचे संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. नुसत्या डीबीएफ (नोंदींच्या) फाइली घेऊन भागत नाही. इंडेक्सच्या सीडीएक्स किंवा आयडीएक्स, मेमोच्या एफपीटी आणि बिलाचा नमुना ज्यांत असतो त्या एफआरएक्स व एफआरटी फाइलीही लागतात. लॅपटॉपवर हे फोल्डर डी ड्राइव्हमध्ये आठ अक्षरांच्या आत बसेल अशा नावाने ठेवा, नावात जागा सोडू नका. आणखी एक प्रत वेगळी ठेवून द्या आणि तिला हात लावू नका.

मग डॉसबॉक्स-एक्सची कॉन्फिग फाइल उघडा. (तिथली नावे इंग्रजी अक्षरांत आहेत, इथे उच्चाराने देत आहोत.) 'पॅरलल' विभागात 'पॅरलल१' समोर 'प्रिंटर' लिहा. 'प्रिंटर' विभागात 'प्रिंटर' समोर 'ट्रू', 'प्रिंटआउटपुट' समोर पुन्हा 'प्रिंटर', 'डिव्हाइस' समोर फक्त आडवी रेघ म्हणजे '-' आणि 'टाइमआउट' समोर ५००० लिहा. आडव्या रेघेमुळे विंडोजची प्रिंटर निवडण्याची नेहमीची खिडकी उघडेल. टाइमआउट हजारांश सेकंदात असतो. ५ सेकंद नवे काही आले नाही की पान आपोआप बाहेर पडते. तो शून्यावर राहिला तर अर्धे भरलेले शेवटचे पान आतच अडकते आणि प्रिंटर बिघडल्यासारखे वाटते. शेवटच्या 'ऑटोएक्झेक' विभागात 'माउंट सी' करून तुमच्या फोल्डरचा पत्ता द्या.

बिलाकडे वळण्याआधी डॉसच्या प्रॉम्प्टवर 'डिर > एलपीटी१' देऊन पाहा. फाइलींची यादी कागदावर आली तर वाट मोकळी आहे. फॉक्सप्रो सुरू होतानाच शून्याने भागाकाराची चूक दाखवत असेल, तर दोष डेटाचा नाही. वेगवान प्रोसेसरवर जुने फॉक्सप्रो असे अडखळते. कॉन्फिग फाइलीत वेग ठरवणारे 'सायकल्स' २०००० वर बांधून ठेवा.

खरी डोकेदुखी मापांची असते, तिथे घाई करू नका. पानाचे माप इंचाच्या दहाव्या भागात द्यायचे असते. ए४ साठी 'विड्थ' ८३ आणि 'हाइट' ११७. तुमचे बिल ८० कॉलमचे असेल तर इंचाला १० अक्षरे या हिशेबाने ८ इंच लागतात आणि ते ए४ वर जेमतेम बसते. १३२ कॉलमचे असेल आणि प्रोग्रॅम १५ चा कोड पाठवत असेल, तर इंचाला साधारण १७ अक्षरे पडतात आणि ७.७ इंचांत काम होते. पण रुंद कॅरेजच्या प्रिंटरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम हा कोड पाठवत नाही. त्याला १३.२ इंच लागतात आणि उजवीकडचा रकमेचा रकानाच कापला जातो. अशा वेळी 'विड्थ' १४० करा, 'प्रिंटआउटपुट' समोर 'पीएनजी' लिहा आणि तयार झालेले चित्र आडव्या ए४ वर 'फिट टू पेज' करून छापा.

उंचीचेही तसेच. जुना सलग कागद १२ इंची असेल तर एका पानात ७२ ओळी असत. ए४ ची उंची ११.६९ इंच, म्हणजे इंचाला ६ ओळी धरल्या तर जेमतेम ७०. उरलेल्या दोन ओळी पुढच्या पानावर जातात आणि एकाआड एक पान जवळपास कोरे येते. 'हाइट' १२० करून वरच्यासारखीच पीएनजीची वाट धरा. ११ इंची, ६६ ओळींच्या कागदाला हा त्रास नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. चलनाच्या कार्बन प्रती लागत असतील तर इंक टँक किंवा लेझर कामाचे नाहीत, कारण ते कागदावर दाब देत नाहीत. डॉट मॅट्रिक्स आजही यूएसबीसह नवे मिळतात. रोज तीन प्रतींचे चलन निघणाऱ्या दुकानाने तोच घ्यावा, असे आमचे मत आहे.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या टॉवेल कारखान्यात विंडोज १० (३२ बिट) आहे. त्यात डॉसचा पगारपत्रक प्रोग्रॅम चालतो. लेझर प्रिंटर शेअर करून 'नेट यूज एलपीटी१' दिले. चूक दाखवत नाही, पण कागदही हलत नाही.

उत्तर : 'नेट यूज' फक्त रस्ता वळवते, मजकुराचे भाषांतर करत नाही. प्रिंटरच्या माहितीपत्रकात 'पीसीएल ५' (प्रिंटरला समजणारी एक भाषा) लिहिले असेल तर साधा मजकूर छापला जाईल. 'होस्ट बेस्ड' किंवा 'जीडीआय' असेल, म्हणजे पान विंडोजनेच तयार करून द्यावे लागत असेल, तर या वाटेने छपाई होणार नाही.

पीसीएल असूनही कागद येत नसेल आणि दिवा लुकलुकत असेल, तर पान बाहेर काढण्याचा १२ चा कोड आलेला नाही. लेझर प्रिंटर त्याची वाट पाहत थांबतो. प्रोग्रॅम फॉक्सप्रोचा असेल आणि त्यात बदल करता येत असेल तर अहवालाच्या शेवटी 'इजेक्ट' घाला. बारीक टाइपचा कोड पीसीएलमध्ये वेगळा असल्यामुळे रुंद पगारपत्रक कापले जाईल, हेही लक्षात ठेवा.

तोवर अहवाल फाइलीत काढा आणि लिबरऑफिस रायटरमध्ये 'टेक्स्ट – चूज एन्कोडिंग' निवडून, डॉस ४३७ या कोडपेजने (अक्षरांच्या संकेत-तक्त्याने) उघडा. ते विसरलात तर चौकटीच्या रेघांच्या जागी टिंबे दिलेली 'ए' आणि बारीक तीनचे आकडे दिसतील. फॉन्ट कुरिअर न्यू, १३२ कॉलमसाठी ७ पॉइंट. ओळींमधले अंतर 'फिक्स्ड' करून ७२ ओळींसाठी ११ पॉइंट, ६६ ओळींसाठी १२. डावी-उजवी समास प्रत्येकी ७ मिलिमीटर, वर-खाली ८. यापेक्षा जास्त समास ठेवली तर ओळी मोडतात.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मोफत सुरक्षा अपडेट नियमितपणे मिळत नाहीत. पगाराची माहिती असलेला तो संगणक इंटरनेटला जोडू नका.

प्रश्न : यूएसबी ते पॅरलल केबल घेऊन जुन्या डॉस संगणकाला नवा यूएसबी प्रिंटर लावता येईल का?

उत्तर : नाही. ती केबल नव्या संगणकाला जुना पॅरलल प्रिंटर जोडण्यासाठी असते. तिथेही विंडोजला एलपीटी१ दिसत नाही, यूएसबी००१ सारखे पोर्ट दिसते.

प्रश्न : मार्केट यार्डात आमची कांद्याची अडत आहे. शेतकऱ्यांच्या जुन्या मराठी हिशेबपट्ट्या जिस्ट कार्ड लावलेल्या डॉस संगणकात आहेत. फाइल नव्या संगणकात उघडली की अगम्य चिन्हे दिसतात.

उत्तर : मजकूर शाबूत आहे. सी-डॅकच्या जिस्टमधले मराठी सहसा इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या संकेतात साठवलेले असते आणि ते उमटवणारे कार्ड नव्या संगणकात नाही. आयसीयू या मोफत संचातल्या 'यूकॉन्व्ह' या संकेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमला मूळ संकेत म्हणून 'इस्की, व्हर्जन=०' (देवनागरी) आणि नवा संकेत म्हणून 'यूटीएफ-८' द्या, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये येईल. मात्र डीबीएफ फाइल थेट बदलू नका. देवनागरीचे एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि ठरावीक लांबीचे रकाने फुटतात. पट्टी आधी मजकूर फाइलीत काढा, मग ती फाइल बदला.

बदलल्यावर वजन, भाव, हमाली, तोलाईचे आकडे सरळ रेषेत येणार नाहीत, कारण युनिकोड फॉन्टमध्ये 'क्ष' आणि 'र' सारखी जागा घेत नाहीत. स्पेस मारत बसण्यापेक्षा मजकूर स्प्रेडशीटमध्ये 'फिक्स्ड विड्थ'ने रकान्यांत तोडून घ्या. मात्र रकाने तोडणे मूळ, न बदललेल्या फाइलीवर करा आणि ती सीएसव्ही म्हणून साठवताना कोडपेज तेच ठेवा. त्यानंतरच 'यूकॉन्व्ह' चालवा.