दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी ट्रकवरच्या कोशलेखाची भाषा कशी सुधारावी?

तुम्ही दिलेला उतारा असा आहे: ‘जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा दुसऱ्या महायुद्धातील एक अत्यंत शक्तिशाली व लोकप्रिय असा अडीच टन वजनाचा सहा चाकी ट्रक होता. पुढे विंच असलेल्या या ट्रकद्वारे फ्रान्समध्ये रसद पोहोचवली गेली व युद्धाचे चित्रच पालटले.’ हा बोजड वाटतो, ओघवता कसा करू, असं तुम्ही विचारलंय.

ओघाचं नंतर बघू. जुन्या लष्करी गाड्यांवरच्या नोंदी मी बरीच वर्षं तपासतोय. वाक्य अडखळतं ते बहुतेक वेळा नेमकं काय सांगायचंय हे लिहिणाऱ्याचं पक्कं झालेलं नसतं म्हणून. ते पक्कं झालं की भाषा बरीचशी आपोआप मोकळी होते.

‘अडीच टन वजनाचा’ हेच घ्या. हा ट्रक रिकामाच सुमारे चार टन भरतो. अडीच टन हा त्याच्यावर लादायच्या मालाचा आकडा आहे, तोही रस्ता सोडून चिखलामातीतून जातानाचा. चांगल्या रस्त्यावर याच्या दुप्पट माल चालत असे. शिवाय हा टन अमेरिकी, म्हणजे २,००० पौंडांचा. अडीच टन म्हणजे साधारण २,२७० किलो. ‘कच्च्या वाटेवर सुमारे २,२७० किलो माल नेण्याच्या क्षमतेचा’ असं लिहिलंत तर वाक्य थोडं लांबेल, पण वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही.

‘सहा चाकी’मध्येही तीच गोम आहे. आपल्याकडे हायवेवर ‘दहा चाकी’, ‘बारा चाकी’ म्हणतात ते टायर मोजून. या ट्रकला पुढे दोन आणि मागच्या दोन ॲक्सलवर जोडटायर, म्हणजे एकूण दहा टायर. इंग्रजी मजकुरात जे ‘६×६’ दिसतं त्यात जोडटायर एकच धरतात. सहापैकी सहाही जागी इंजिनाची ताकद पोहोचते, असा त्याचा अर्थ. तेव्हा ‘तीन ॲक्सलचा, तिन्ही ॲक्सलना ताकद मिळणारा’ असं सरळ लिहा. या ट्रकचं सगळं वेगळेपण यातच आहे, ते विशेषणांच्या गर्दीत हरवायला नको.

विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचा तारेचा रहाट, काहींनाच होता. केबिनचंही तसंच: सुरुवातीला बंद पत्र्याची, नंतर कापडी टपाची उघडी. लाखांनी बनलेल्या गाडीबद्दल लिहिताना ‘काही’, ‘सुरुवातीचे’, ‘नंतरचे’ हे शब्द हाताशी ठेवा.

‘शक्तिशाली’ काढून टाका. त्याऐवजी सहा सिलिंडरचं, सुमारे ४.४ लिटरचं पेट्रोल इंजिन असं लिहा. अश्वशक्तीचे ९१ आणि १०४ असे दोन्ही आकडे छापलेले आढळतात. जो घ्याल तो कोणत्या स्थितीत मोजलेला आहे तेही सांगा, दोन्ही एका लेखात सुटे टाकू नका. उत्पादनाच्या आकड्याचंही असंच. पाच लाखांहून जास्त हे खरं, पण तुम्ही घेतलेल्या बेरजेत याच ट्रकवरून तयार झालेली, पाण्यात चालणारी डीयूकेडब्ल्यू धरली आहे की नाही, हे वाक्यातच यायला हवं.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. ‘रसद पोहोचवली गेली.’ कोणी पोहोचवली? फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैन्याला पेट्रोल आणि दारूगोळा पुरवायला ‘रेड बॉल एक्सप्रेस’ ही ट्रकताफ्यांची सेवा २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात धावली. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, आणि दोन्ही फक्त या वाहतुकीसाठी राखलेले. २९ ऑगस्टला एका दिवसात ५,९५८ गाड्यांनी १२,३४२ टन माल हलवला. (या सगळ्या गाड्या सीसीकेडब्ल्यू नव्हत्या, तेव्हा हा आकडा एकट्या याच ट्रकच्या नावावर लिहू नका.) जवळजवळ तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिक होते. तेव्हाच्या अमेरिकी लष्करात वर्णभेद होता. कृष्णवर्णीयांना लढाऊ तुकड्यांपेक्षा रसदीच्या, मेहनतीच्या कामांवर लावत. रात्रंदिवस स्टिअरिंगवर बसलेली ही माणसं तुमच्या ‘गेली’मुळे वाक्यातून नाहीशी झाली आहेत. कर्मणी प्रयोग मराठीत वाईट नाही, पण इथे तो कर्ता खाऊन टाकतो.

‘युद्धाचे चित्र पालटले’ हे वाक्य गाळाच. वरचे आकडे वाचल्यावर ते वाचकाला सांगावं लागत नाही.

मी असं लिहीन: ‘सीसीकेडब्ल्यू हा जीएमसीने १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकी सैन्यासाठी बनवलेला मालवाहू ट्रक. त्याच्या तिन्ही ॲक्सलना इंजिनाची ताकद मिळत असे आणि कच्च्या वाटेवर तो सुमारे २,२७० किलो माल नेई. काही ट्रकना पुढे विंच होता. १९४४ मध्ये फ्रान्समधील रेड बॉल एक्सप्रेसच्या चालकांनी, ज्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय सैनिक होते, प्रामुख्याने याच ट्रकमधून आघाडीवर रसद पोहोचवली.’

अजून एक. उताऱ्याखाली तुम्ही कात्युशा रॉकेटं बसवलेल्या सोव्हिएत ट्रकचा फोटो लावायचा म्हणताय. अमेरिकेतून गेलेल्या ज्या ट्रकवर कात्युशा सर्वाधिक बसवल्या, तो स्टुडबेकर यूएस६. तोही अडीच टनी, तोही तीन ॲक्सलचा, त्यामुळे गल्लत सहज होते. फोटोतला ट्रक स्टुडबेकरच निघाला तर तो या लेखात नको, स्टुडबेकरच्या नोंदीत टाका.