होमब्रू, म्हणजे घरी बनवलेल्या बिअरच्या स्पर्धेत जजला बाटली कोणाची ते खरंच कळत नाही का?

जज आणि स्पर्धक एकाच क्लबातले असतात, मग वशिला चालत नाही का असं विचारलंय. अमेरिकेत बीजेसीपी, म्हणजे बिअरच्या जजना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी संस्था, तिच्या पद्धतीने होणाऱ्या स्पर्धेत तरी ते अवघडच. बाटली साधी, तपकिरी नाहीतर हिरवी, लेबल नको, काचेवर उठावाची अक्षरं नकोत आणि झाकणावर काही छापलेलं असेल तर काळ्या मार्करने गिरवून टाकायचं. नावाचा कागद नुसता रबरबँडने अडकवलेला असतो, तो आयोजक काढून घेतात आणि वेगळाच नंबर देतात, टेबलावर येतो तो फक्त नंबर आणि बिअरची स्टाइल. मी एकदा स्टुअर्डचं, म्हणजे जजच्या टेबलावर बाटल्या आणून देणाऱ्या मदतनीसाचं काम करत होतो तेव्हा एका पठ्ठ्याने चकचकीत सोनेरी झाकणं लावून पाठवलेली, ती मी आतल्या खोलीत बसून मार्करने काळी केली, बोटं दोन दिवस काळी!

स्वतःची बिअर ज्या कॅटेगरीत आहे तिथे जज बसत नाही. पण मला विचाराल तर खरी गोष्ट वेगळीच, ५० पैकी मार्क, त्यात चवीचे २०, वासाचे १२, हे आधी गप्प बसून लिहायचे आणि मगच बोलायचं, नाहीतर टेबलावरचा सिनियर 'वा' म्हणाला की बाकीचे माना डोलवायला मोकळे. आता मित्राची बिअर कोणी चवीवरूनच ओळखली तर त्याला इलाज नाही.